जातं छाप पापडाचा मालक

आम्ही जीपमध्ये पापडाची अठरा खोकी रचत होतो आणि ओट्यावर उभी असलेली एक बाई माझ्याकडे नुसती बघत होती. नोकरीत मी चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण ती नजर अजून माझी पाठ सोडत नाही.

तेव्हा मी कर्जत-खालापूर भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, इतक्यात कुंभिवलीकडचा एक टेंपोवाला तक्रार घेऊन आला. हायवेवरच्या हॉटेलांना माल पोचवणारा, बोलायला गोड. त्याचं म्हणणं असं, की 'जातं छाप' हे पोह्याच्या पापडाचं नाव त्याच्या मालकीचं आहे आणि पोशीरकडची एक बाई तेच नाव, तेच चित्र छापून माल विकते. सोबत ट्रेडमार्क नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. आमच्या खात्यात राजमुद्रा दिसली की माणूस आधी ताठ होतो, मग वाचतो. मी ताठ झालो आणि वाचायचं राहून गेलं.

दोन पंच घेऊन तासाभरात बाईच्या दारात पोचलो. पन्नाशी उलटलेली बाई. ओटीवर शेजारपाजारच्या सात-आठ बायका पापड लाटत होत्या. मी तक्रार सांगितली तशी ती आत जाऊन लॅमिनेशन केलेला एक कागद घेऊन आली.

"हे बघा साहेब, सरकारी हाय. आमी चोर नाय."

"मावशी, हा खाद्यपदार्थ बनवायचा आणि विकायचा परवाना आहे. यानं नाव तुमच्या मालकीचं होत नाही."

"आवं, पण नाव त्यानंच नोंदवलंय ना आमचं. टेंपोवाल्यानं. आमचे पापड हाटेलात त्योच पोचवायचा. मीच म्हटलं त्याला, मला कागदातलं कळत नाय, तूच बघ रं."

पकडलेला प्रत्येक माणूस काहीतरी सांगतोच, असं मनाशी म्हणत मी पंचनामा लिहिला. ओट्यावरच्या एका जुन्या दगडी जात्यावर कागद ठेवून सह्या घेतल्या आणि निघालो.

ठाण्यात मुद्देमालाची खोली सांभाळणारा हवालदार याच भागातला, शेतकऱ्याच्या घरचा. खोकी उतरवताना तो म्हणाला, "साहेब, खोली ओली हाय. पापड सादळतील." मी त्याला गप्प केलं. दुपारी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना फोनवर कारवाई कळवली. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"जप्ती कोणी केली?"

"मी, सर."

"या कायद्यात उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती-जप्तीचा अधिकार नाही. आणि उपअधीक्षकालाही आधी ट्रेडमार्कच्या रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. तुम्ही कोणाचं घेतलंत?"

मी घेतलं होतं फक्त टेंपोवाल्याचं. इतकी लाज मला नोकरीत क्वचितच वाटली असेल.

दिवस मावळायच्या आत खोकी परत नेली. उतरवायला मी स्वतः हात लावला. बाईनं पाणी आणून दिलं. पेला ठेवायला वाकलो तर शेजारी तेच जातं. त्याच्या कडेचा उजवीकडचा टवका उडाला होता. मी खोक्यावरच्या लेबलाकडे पाहिलं. चित्रातल्या जात्यालाही उजवीकडे तेवढीच खाच.

"हे चित्र कोणी काढलं?"

"माझ्या लेकीनं. नववीत होती, ह्येच जातं समोर ठेवून काढलं. छप्पर बदलताना वासा पडला व्हता त्याच्यावर. तिनं हाय तसं उतरवलं." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "साहेब, नाव जाईल का आमचं? ह्या बाया माझ्या भरवशावर इथं बसतात. दुसऱ्या नावाचं पाकीट कोण हातात घेईल?"

नाव कोणाचं, हे पोलीस ठरवत नाहीत. ते मी तिला सांगितलं. पण तक्रारीची मुळापासून चौकशी करणं माझ्या हातात होतं आणि ती अर्धवट सोडायची नाही, हे मी त्या ओट्यावरच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी टेंपोवाल्याला जबाबाला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो. बारीक प्रश्नांची त्याला आठवण राहत नाही. म्हणून मी चहा मागवला आणि लेबल पुढे केलं.

"चित्र छान आहे. कोणाचं?"

"मीच सांगून काढून घेतलं साहेब."

"आणि ही खाच?"

तो लेबल डोळ्यांजवळ नेऊन बघत बसला. "डिझाईन हाय ती," शेवटी म्हणाला.

माल कधीपासून विकतोस, यावर त्यानं सांगितलेलं साल आणि त्याच्या नोंदणीच्या अर्जात लिहिलेलं साल एकच होतं. मी ते जबाबात घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो खुशीत गेला.

आता बाईचा वापर त्याआधीचा आहे, हे दिसायला हवं होतं. तिच्याकडे जुनं लेबल नाही, छपाईचं बिल नाही. ती म्हणाली, "छापणारा घरचाच माणूस, त्याच्याकडं बिल काय मागायचं?" छापखाना बंद पडलेला, छापणारा वारलेला. दोन दिवस मी नुसता चरफडत होतो. शेवटी मी ज्याला गप्प केलं होतं तोच हवालदार दारात येऊन म्हणाला, "साहेब, लेकीच्या लग्नाचा अल्बम मागवा. बाई पापडवाली हाय. रुखवतात स्वतःचे पापड मांडल्याबिगर ती राहिली नसंल."

लेक नेरळला दिलेली. अल्बम घेऊन ती स्वतः ठाण्यात आली. आमच्याकडे लग्नात वधूकडचे लोक रुखवत मांडतात, लाडू, करंज्या, भरतकाम, सगळं टेबलावर सजवून. तिसऱ्याच पानावर ते टेबल होतं आणि मधोमध पापडाच्या पाकिटांचा मनोरा. लेबल स्वच्छ दिसत होतं, खाचेसकट. आणि मनोऱ्यामागे फेटा बांधून, हसत, टेंपोवाला उभा. अल्बमच्या कव्हरात लग्नाची पत्रिका जपून ठेवलेली होती. तिच्यावरची तारीख त्यानं सांगितलेल्या सालाच्या तीन वर्षं आधीची.

त्याला बोलावून मी ते पान उघडलं. त्यानं अल्बम स्वतःकडे ओढून घेतला.

"रुखवत माझ्याच टेंपोत आलं व्हतं," तो म्हणाला. मग एकदम उसळला. "पण साहेब, हॉटेलं कोणी धरली? उन्हापावसात कोण फिरलं? मावशीला हायवे तरी ठावा व्हता का?"

"फिरलास, ते खरं. त्याचा मोबदला मागायचास. नाव का नेलंस?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचीही थोडी कीव आली. मान घरच्या माणसाचा मिळत होता, त्याला मालकाचा हवा होता.

तक्रारीत तथ्य नसल्याचा अहवाल मी वर पाठवला. नोंदणी मात्र अजून त्याच्याच नावावर होती. कर्जतच्या एका वकीलबाईंकडे मी मावशीला पाठवलं. आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यालाही सहसा मोडता येत नाही, पण तो वापर पुराव्यानिशी दाखवावा लागतो, असं त्या म्हणाल्या. त्याची नोंद रद्द करायचा आणि मावशीच्या नावे नोंदणीचा, असे दोन अर्ज गेले. तो लढला नाही. तरीही वर्षाच्या वर काळ गेला.

निवृत्तीनंतर नवा धंदा काढणारी पोरं-पोरी सल्ल्याला येतात, तेव्हा मी नाव काय ठेवलंय हे नंतर विचारतो. आधी विचारतो, फॉर्मवर अर्जदार कोण आणि मोबाईल नंबर कोणाचा? अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापला की हरकत घ्यायला चार महिने असतात. मावशीचे ते चार महिने पापड लाटण्यात गेले, कारण सगळे निरोप त्याच्या फोनवर येत होते. खाद्यपदार्थांचा परवाना वेगळा, लघुउद्योगाचा 'उद्यम' दाखला वेगळा आणि नावाची मालकी वेगळी. पहिलं लेबल आणि पहिलं बिल जपून ठेवा, छापणारा सख्खा भाऊ असला तरी बिल घ्या. आणि माझ्यासारख्यांनी राजमुद्रेच्या खालचंही वाचावं.

मावशीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा मी अजून त्याच ठाण्यात होतो. त्या दिवशी ती ठाण्यात आली. बरोबर त्या सगळ्या बायका. कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"चष्मा घरी राह्यला. तुमीच वाचा."

मी पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं.

"मालकाचं नाव परत वाचा."

मी वाचलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मावशी मात्र माझ्याकडेच बघत होती, त्या दिवशी ओट्यावरून बघत होती तशीच.

"अजून एकदा, साहेब."

तिसऱ्या वेळी मात्र मी खुर्चीतून उठलो आणि उभं राहून तिचं नाव वाचलं.