‘ऑलरेडी’चा अर्थ विचारायला रत्नागिरीला

सुट्टीच्या दिवशी लोटे एमआयडीसीच्या नाक्यावरून रत्नागिरीची एसटी धरली, तेव्हा खिशात एक इंग्रजी कागद होता आणि डोकं तापलेलं होतं. मी परभणीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. सोमवारी कागद सही करून दिला नाही तर गेट पास बंद, असं कंपनीतल्या सुपरवायझरनं सांगितलं होतं. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाला, ‘सगळ्यांनी ऑलरेडी सही केलीय. तुलाच काय झालंय?’

सही माझ्या खोलीतल्या संदेशनंही केली होती. गेल्या महिन्यात त्याच्या उजव्या हातावर ॲसिड उडालं. ‘हातमोजे दिलेले होते, ही बघ तुझी सही,’ कंपनीवाले म्हणाले. आता तो रत्नागिरीला आत्याकडे पडून आहे. आत्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, सगळे त्यांना बाईच म्हणतात. कागद वाचून घ्यायला त्यांच्याकडेच निघालो.

चिपळूणच्या पुढं वळणांनी पोट ढवळून निघालं. शेजारच्या आजींनी न विचारता लिंबाची फोड हातात ठेवली. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. बाहेर जांभ्या दगडाचे गडगे (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती) आणि मागं आंब्याच्या बागा. आपल्याकडं नजर जाईल तिथवर काळं रान, इथं प्रत्येक वळणाला डोंगर आडवा.

संदेश ओटीवर बसला होता. बँडेज दाखवून म्हणाला, ‘बघ, मिळाला शेवटी हातमोजा.’ मला हसू आलं नाही.

बाईंनी जेवायला बोलावलं. जेवून आलोय, म्हणालो. पोटात ती लिंबाची फोडच होती, पण परक्या घरी पहिल्या हाकेला हो म्हणायचं नाही, ही आपली रीत. बाईंनी ऐकलं नाही. कुळथाची पिठी (आपल्याकडचं हुलग्याचं पिठलं) आणि भात वाढला. मी तीनदा भात घेतला. संदेश डाव्या हातानं सांडत जेवत होता.

मग बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. ‘हातमोजे, गॉगल आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण मला ऑलरेडी मिळालं आहे, असं लिहिलंय. मिळालंय का रे?’

‘नाही. सही झाल्यावर देऊ म्हणतात.’

‘मग हा शब्द इथं कसा? जे होऊन गेलं त्यालाच हा लावायचा. मघाशी तूही न जेवता जेवलो म्हणालास. मी चालवून घेतलं, कारण भात माझ्या हातात होता. इथं कोण वाढणार आहे तुला?’

मला सुपरवायझरचा संताप आला, आणि स्वतःचाही. टाकी धुतली का विचारलं की मीही ‘ऑलरेडी’ म्हणून मोकळा होतो, आणि मग धुवायला जातो.

सोमवारी कागद दिला. त्या ओळीखाली मराठीत लिहिलं, ‘यातलं मला अजून काहीही मिळालेलं नाही,’ आणि त्याच्याखाली सही केली. सुपरवायझरनं दोनदा वाचलं. ‘फार शहाणा झालास,’ म्हणाला. पास दिला नाही, कागदही परत केला नाही.

गेटबाहेर बसून हे लिहितोय. कंपनीची बस माणसं घेऊन आत गेली. घरी काय सांगू, सुचत नाही. आत्ता संदेशचा फोन आला होता. जेवलास का, विचारत होता.

नाही, म्हणालो.