खाणीकाठचं कॅम्पिंग

किस्से कसे साठतात सांगू? घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे! मुद्दाम कोणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या ग्रुपचं तेच झालंय. आमचे हे खराडीत आयटीवाल्यांची कॅब चालवतात. हे, यांचे तीन ड्रायव्हर मित्र, आम्ही बायका आणि पोरं असे सगळे यंदा कॅम्पिंगला गेलो होतो. तिथले किस्से अजून ग्रुपवर फिरतात आणि बहुतेक सगळे माझ्यावरचेच आहेत. म्हटलं, एकदा मीही सांगून बघते.

*

जागा म्हणजे काय, तर डोंगरातली दगडखाणीची जुनी वस्ती. खाणी बंद पडल्या, माणसं उठून गेली. आता एका मालकानं तिथं पाच-सहा तंबू ठोकलेत. लाइट नाही, नळ नाही.

निघायच्या आधी आईला फोन केला. माझी आई वाघोलीच्या खाणीवर खडी फोडायची. मी सातवीपर्यंत तिथंच, प्लास्टिकच्या पालात वाढले.

"आई, दोन दिवस तंबूत राहायला चाललोय."

आई हळूच म्हणाली, "काय गं, जावयाचं काम सुटलं का?"

*

पोचल्या पोचल्या मी मालकाला विचारलं, "संडास कुठाय?"

त्यानं हात गोल फिरवला. "हा काय, सगळा डोंगर तुमचाच!"

आमच्या ग्रुपचे पुढारी म्हणजे सचिन भाऊजी. ते लगेच म्हणाले, "वहिनी, याला नेचर म्हणतात, नेचर!"

मी म्हटलं, "माहितीय भाऊजी. लहानपणी आम्ही रोज सकाळी डबा घेऊन नेचरलाच जायचो."

*

माझ्या पिशवीत ताप मोजायचं थर्मामीटर, ओआरएस, पट्ट्या, मलम, जुलाबाच्या, उलटीच्या, पित्ताच्या गोळ्या. माझी ईश्वरी चार वर्षांची आहे, आणि दवाखाना तिथून लांब. सचिन भाऊजींनी पिशवी उचलून सगळ्यांना दाखवली. "बघा रे, वहिनींनी अख्खं मेडिकल आणलंय! एवढी भीती वाटते तर घरी बसायचं ना!"

सगळे हसले. आमचे हे जरा जास्तच हसले.

संध्याकाळपर्यंत भाऊजींचं बोट निखाऱ्यानं भाजलं, त्याला मलम लावून झालं. मग छातीत जळजळ सुरू झाली. पित्ताची गोळी दिली, तर उलटीपालटी करून बघतात आणि मला विचारतात, "वहिनी, एक्सपायरी बघितलीय ना?"

*

त्या निखाऱ्यांचंही सांगते. "आज लेडीजना सुट्टी! स्वयंपाक आम्ही करणार!" अशी घोषणा निघायच्या आधीच झाली होती. फक्त चिकनला मसाला लावून ठेवा, कांदा चिरा, चपात्या घरूनच आणा, आणि नंतर भांडी तेवढी घासा. बाकी सगळं पुरुषांनी केलं.

बाकी म्हणजे पुठ्ठ्यानं वारा घातला. त्याचे फोटो आहेत.

*

आता हसू नका. तंबूंच्या मागंच जुनी खाण होती, काठोकाठ पाण्यानं भरलेली. खाणीला उतार नसतो. काठ संपला की थेट खोल. कठडा नाही, तारेचं कुंपण नाही, साधी दोरीसुद्धा नाही.

मी मालकाला म्हटलं, "अहो, इथं लहान पोरं येतात. निदान कंपाउंड तरी घाला."

तो म्हणाला, "ताई, कंपाउंड घातलं तर व्ह्यू जातो."

माझा धाकटा भाऊ वाघोलीला असल्याच पाण्यात गेला. तिथंही कंपाउंड नव्हतं. व्ह्यू बघायला मात्र कोणी येत नव्हतं.

*

खाणीवरच्या बाया खडी फोडायला बसल्या की रांगत्या पोराच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधायच्या. दुसरं टोक खुंटीला. आई आम्हा दोघांना तसंच बांधायची. भावाची गाठ एकदाच सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ईश्वरीच्या कमरेला माझी सुती ओढणी बांधली आणि दुसरं टोक जांभळाच्या झाडाला. झाडाखाली माती होती, भातुकली होती. पोरगी मजेत खेळत होती. पण सचिन भाऊजींच्या बायकोनं, मोनालीनं व्हिडिओ काढला. रेंज नव्हती, म्हणून बाई टेकाड चढून गेली आणि स्टेटसला टाकून आली. वर लिहिलं, "आमच्या पूजाचं पपी!" पूजा म्हणजे मी. खाली हसून हसून रडणारे चेहरे.

आमचे हे तणतणत आले. "सोड तिला. लोक हसायला लागलेत."

मी म्हटलं, "हसू द्या. हसणाऱ्यांत पोहायला कोणाला येतं, तेवढं विचारून या."

विचारायला कोणी गेलं नाही. ओढणीही कोणी सोडली नाही. पण नंतर जेवताना माझ्या शेजारी एकही जण बसला नाही.

*

जेवणं झाली आणि मोनालीचा अर्णव दिसेना. पाच वर्षांचा. तंबूत नाही, गाडीत नाही, झाडामागं नाही. हाका सुरू झाल्या. आधी साध्या, मग नुसत्या किंकाळ्या. मी खाणीकडं धावले. माझ्या मागं मोनाली.

अर्णव अगदी काठावर उकिडवा बसला होता. बापाची एक चप्पल पाण्यावर तरंगत होती. दुसरी त्याच्या हातात होती. पुढं वाकून तो ती नीट, अलगद पाण्यात सोडत होता.

मी ओरडले नाही. मागून जाऊन त्याची कॉलर धरली.

सचिन भाऊजी अनवाणी पळत आले.

मोनालीनं पोराला दोन धपाटे घातले, मग छातीशी धरलं. तसंच उचलून जांभळाखाली आणलं. गळ्यातला नवा कोरा स्टोल काढला आणि माझ्या हातात दिला.

"बांध."

अर्णव हातपाय झाडत होता. मी बांधलं. तिनं गाठ दोनदा ओढून बघितली. इकडं तिकडं बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"पूजा, स्टेटसला नको हं टाकूस!"