आबांच्या दारावरचा कॅमेरा

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या घरातले सगळेच मला पारोळ्याच्या स्टँडवर सोडायला निघाले. आबा, माय आणि शेजारची वेणूअक्का. अक्का घरातली नव्हती, पण तिला वगळून 'सगळे' असा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नसे. बॅगा जीपमध्ये चढल्या. मायने दार ओढलं, कडी घातली आणि कडीत तुरीची काडी खोचली. कुत्रं शिरू नये, एवढ्यापुरती.

मी तेव्हा धुळ्याला देवपुरात चार वर्षं होस्टेलवर राहून नर्स झालेली. होस्टेलात पेटीला कुलूप, कपाटाला कुलूप, साबणाच्या डब्यालासुद्धा रबर लावून ठेवायची सवय. म्हणून सहज विचारलं, "माय, कुलूप नाही लावत?"

माय हसली. म्हणाली, "कुलूप लावं तर येनाराले वाटी, आठे आपलं काम नही."

येणाऱ्याला वाटेल, इथे आपलं काही काम नाही. जीप सुरू झाली, धूळ उडाली आणि त्या धुळीत आमचं घर हळूहळू पिवळं होत गेलं. पांढऱ्या भिंती, निळं दार, निंबाची सावली. मी विमानात बसले तरी ते पिवळं घर डोळ्यांपुढून हलेना.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या दोघांसाठी हे लिहितेय. राहिलेल्यांना वाटतं, गेलेल्यांना तिकडे सगळं मिळालं. गेलेल्यांना वाटतं, मागे सगळं जसंच्या तसं आहे. दोघांचंही थोडं चुकतं. माझं जरा जास्तच चुकलं.

आता मी आयर्लंडमध्ये समुद्राकाठच्या एका लहान गावात राहते आणि म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते. इथे दारं स्वतःहून मिटतात. मागे वळून हात लावायच्या आत खट् आवाज येतो आणि आपण बाहेर असतो. पहिल्याच आठवड्यात मी कचऱ्याची पिशवी ठेवायला चपलेवर बाहेर पडले आणि दार लागलं. किल्ली आत, फोन आत, वर भुरभुर पाऊस. घरमालकीण येईपर्यंत दीड तास मी पायरीवर बसून होते. समोरच्या घरातल्या बाईने पडदा सरकवून पाहिलं आणि पुन्हा सोडला. कामावरही प्रत्येक दाराला कीपॅड. विसराळू आजोबा-आजी बाहेर जाऊन हरवू नयेत म्हणून. दिवसभर मी चार आकडे दाबत या दारातून त्या दारात फिरते. एक आजी रोज संध्याकाळी कोट घालून दाराशी उभ्या राहतात आणि अतिशय सभ्यपणे विचारतात, "मला घरी जायचंय, कोड सांगशील का?" ज्या घराविषयी त्या बोलतात ते केव्हाच विकलं गेलंय. तरी त्या ज्या नजरेने काचेपलीकडे बघतात, तसं बघणं मला चांगलं ओळखीचं आहे.

मी इकडे आल्यावर दोन वर्षांनी माय गेली. गावी जाऊन तेराव्यापर्यंत राहिले आणि परत आले. आबा घरात एकटे उरले. त्याच वर्षी गावात चोऱ्या सुरू झाल्या. आधी विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून नेल्या. मग आमच्या मागच्या गल्लीत एक कुटुंब लग्नाला गेलं असताना त्यांचं घर फोडलं. हे मला फोनवर कळायचं, आणि इतक्या लांबून कळलेली चोरी मूळ चोरीपेक्षा मोठी होते. मला झोपेत निळं दार दिसायचं, सताड उघडं.

मी आबांच्या मागे लागले. कुलूप घ्या, कॅमेरा बसवा. आबा म्हणाले, "चोर ऊना तर तू तठून काय करशी?" चोर आला तर तू तिथून काय करणार? मी हट्ट सोडला नाही. धुळ्याहून एक माणूस गेला आणि त्याने आमच्या ओट्यावर, निळ्या दाराच्या वर, कॅमेरा बसवला. माझ्या फोनवर दिसणारा, आवाजही येणारा.

खरं सांगते, चोर मी विसरूनच गेले. मला अंगण मिळालं. सकाळची चहाची सुट्टी झाली की मी केअर होमच्या मागच्या पायरीवर बसायचे. पुढे करडा समुद्र, आणि हातात दुपारचं खानदेशी ऊन. निंबाची सावली जमिनीवरून सरकत जायची. दोरीवर आबांचं धोतर फुगायचं आणि खाली बसायचं. एकदा चिमणी कॅमेऱ्यावर येऊन बसली, तर पडदाभर तिचा एकच पाय. आवाज चित्राच्या जरा मागून यायचा. अक्काचे ओठ आधी हलायचे आणि हाक नंतर यायची, जशी ती विहिरीच्या तळातून बोलतेय. मी बघतेय हे तिला ठाऊक असायचं. ती थांबायची, मान वर करून कॅमेऱ्याला म्हणायची, "जेवनी का वं बेटा?" मी इथून मान डोलवायचे. तिला ती दिसायची नाही. ते दिवस मला आता स्वप्नासारखे वाटतात. मी दोन्हीकडे होते आणि कुठेच नव्हते.

मग आखाजीच्या आधीचा आठवडा आला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरणाचे मांडे होतात. मला सुट्टी नव्हती. त्या दिवशीही मी पायरीवर बसून अंगण उघडलं. आबा पारोळ्याच्या बाजाराला गेलेले. दाराला कुलूप दिसत होतं. तेवढ्यात वेणूअक्का आली. तिने इकडे-तिकडे पाहिलं, कुलूप काढलं, आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा पदराखाली काहीतरी मोठं, गोल होतं. दोन्ही हातांनी धरलेलं. त्या दिवशी तिने मान वर करून पाहिलं नाही.

किल्ली हिच्याकडे कशी? मायचे दागिने, मायची भांडी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी आबांना फोन लावला, बाजाराच्या गोंगाटात त्यांनी उचलला नाही. ब्रेक संपत आला होता. मी चित्रणाचा तो तुकडा आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'वेणूअक्का आपल्या घरातून काय नेतेय? कोणी जाऊन बघाल का?'

फोन लॉकरमध्ये ठेवला आणि कामाला लागले. सहा तास.

शिफ्ट संपली तेव्हा तो तुकडा आमच्या ग्रुपमधून दुसऱ्या, तिसऱ्या ग्रुपमध्ये गेला होता. कोणीतरी त्यावर लाल गोल काढला होता. आबांचे नऊ मिस्ड कॉल. मी फोन लावला. आबा कधी ओरडत नाहीत. त्या दिवशीही ओरडले नाहीत.

"खापर शे ते," ते म्हणाले. "मांडानं खापर."

मांडे भाजायचं मातीचं खापर. उलट्या मडक्यासारखं, चुलीवर पालथं घालायचं. माय आणि अक्काने ते दोघींत मिळून आणलं होतं, पारोळ्याच्या बाजारातून, एस्टीत आळीपाळीने मांडीवर घेऊन. दर आखाजीला ते आमच्या घरून तिच्या घरी जायचं आणि परत यायचं. उन्हाळ्यातला धुळीचा वारा लागू नये म्हणून ती पदराखाली धरून नेत होती. आणि कुलूप? आबा ते कधी लावतच नव्हते. बंद न करता नुसतं कडीत अडकवून ठेवायचे. "तुले देखावाकरता," ते म्हणाले. तुला दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी अंगण उघडलं तेव्हा अक्का कॅमेऱ्यासमोर उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. तिने खापर ओट्यावर ठेवलं, पदर मागे घेतला, म्हणजे हात रिकामे दिसावेत. मग मान वर केली. ओठ हलले आणि मागून आवाज आला, "बेटा, तुनी मायनं खापर. परत आनं." ती गेली. त्या आखाजीला अक्काकडे मांडे झाले नाहीत.

मी सुट्टी मागितली. मॅनेजरने काळजीने विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? मी नाही म्हटलं. माझ्याकडून एका माणसाचा मान गेलाय, हे मला तिच्या भाषेत नीट सांगता आलं नाही. काहीतरी पुटपुटले. माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच तिने दहा दिवस दिले.

पारोळ्याहून रिक्षाने आले ती आमच्या घरी न जाता अक्काच्या दारात उतरले. दिवसाढवळ्या तिच्या दाराला आतून कडी. मी वाजवली. अक्काने उघडलं, माझ्याकडे पाहिलं, माठातलं पाणी पुढे केलं आणि परत ज्वारी निवडायला बसली.

"अक्का, माझं चुकलं."

खडे काढता काढता ती म्हणाली, "इचारी लेती ना माले. मना घरमा बी फोन शे."

विचारलं असतंस ना. एवढंच तर करायचं होतं.

"मनी सूनना माहेरपावत गयं ते," ती म्हणाली. सुनेच्या माहेरापर्यंत. सुपातला तिचा हात थांबला. "तुनी माय व्हती तवय मी कितीदाव तुमना घरमा ऊनू, मोजं का कोनी?" तुझी माय होती तेव्हा मी कितीदा तुमच्या घरात आले, कोणी मोजलं का?

मग ती रडली, आणि मीही. पण रडण्याने गल्लीतलं काही पुसलं जाणार नव्हतं. ग्रुपवर मी माफी लिहिली होती, लोकांनी तिच्याखाली हात जोडल्याची चित्रं चिकटवली आणि पुढे गेले. जे डोळ्यांनी पाहिलं गेलं होतं, ते डोळ्यांनाच दाखवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरातून खापर उचललं, डोक्यावर घेतलं आणि सरळ अक्काकडे न जाता पूर्ण गल्ली फिरले. न झाकता. प्रत्येक ओट्यापुढे थांबले. "हे अक्काचं खापर. माझ्या मायचं आणि तिचं. मी तिच्यावर आळ घेतला, तो खोटा होता." काही बायांनी मान खाली घातली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जाय पोरी, पुरे." मी थांबले नाही. अक्का दारात उभी राहून पाहत होती. मी पोचले तेव्हा तिने माझ्या डोक्यावरून खापर उतरवून घेतलं आणि म्हणाली, "मान आखडी जाई तुनी." मान आखडेल तुझी.

त्या दुपारी, आखाजी उलटून गेली असताना, तिने मांडे केले. हाताच्या कोपरापर्यंत पसरलेला तो पातळ, पारदर्शक मांडा, दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा होणारा. त्यातून मला पलीकडची चूल धूसर दिसत होती. आबांनी तीन खाल्ले.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण निघायच्या आदल्या दिवशी एक आवाज ऐकला आणि तो माझ्याबरोबर इकडे आला. अक्का उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारत होती, "भाऊ, शेतस का घरमा?" आत आहात का? माझ्या आठवणीत तिने आमच्या घरात यायला कधी हाक दिली नव्हती. ती बोलत येत असे, बोलतच जात असे. आता हाक देते, 'ये' ऐकते, मग येते. माफ केलंय तिने, मनापासून. पण ती हाक आता राहील. कॅमेरा मी काढायला सांगितला. आबा नको म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुले अंगण देखाई." चोऱ्या अजून होतात. कुलूप आता खरोखर लागतं आणि त्याची दुसरी किल्ली अक्काकडे असते.

परत आले त्या आठवड्यात मी एक गोष्ट केली. वरच्या मजल्यावर लीना राहते, केरळची, आमच्याच केअर होममध्ये, पण रात्रपाळीला. तीन वर्षांत आम्ही जिन्यात हसण्यापलीकडे गेलो नव्हतो. मी माझ्या घराची जादा किल्ली तिच्या हातात ठेवली. ती गोंधळली. "कशासाठी?" मी म्हटलं, "काही नाही. यायचं असेल तर."

महिनाभर ती आली नाही. मग एका शुक्रवारी लांबच्या शिफ्टवरून परतले. दुपारी जोराचा पाऊस होऊन गेला होता. आत पाऊल टाकताच जाणवलं, घरात कोणीतरी येऊन गेलंय. सकाळी बाहेर वाळत घातलेले माझे कपडे घड्या घालून खुर्चीवर होते. स्वयंपाकाच्या ओट्यावर झाकलेलं एक पातेलं, अजून कोमट. खिडकी कोणीतरी बोटभर उघडी ठेवली होती, आणि पडदा हलत होता.

मी 'कोण आहे?' असं विचारलं नाही. चपला काढल्या, कोट टांगला आणि त्या घराला पहिल्यांदाच मनातल्या मनात घर म्हटलं.