पंच्याऐंशीची चकती

"खोटं बोलताना माणूस दोन बोटं मागे सरकतो. लांब लेन्स लावून बघ, लगेच कळेल."

काचवाले काका हे आपल्या लेकीला म्हणाले तेव्हा ती शाळेत होती, आणि दात घासलेत असं तिने नुकतंच आईला सांगितलं होतं. काका तिला स्टँडवरच्या कॅमेऱ्यातून बघत होते. बोलता बोलता तिचे डोळे पुसट झाले. त्यांनी तिला परत मोरीत पाठवलं.

कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत काकांचं टेबल होतं. शूटिंगहून आलेल्या लेन्स उघडायच्या, पुसायच्या, परत जोडायच्या. मग समोरच्या भिंतीवर टांगलेल्या रेघांच्या तक्त्यावर फोकस लावून बघायचं की लेन्सच्या फिरत्या रिंगवर कोरलेला अंतराचा आकडा खरा बोलतो की नाही. रिंग सहा फूट म्हणत असेल, तर सहा फुटांवरची रेघ केसासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. घरीही तेच. पाट, ताट, खुर्ची, सगळं मोजलेल्या अंतरावर. "आमच्याकडे मीठ कमी पडलं तर चालतं," त्यांची बायको म्हणायची, "इंच कमी पडला की उपास."

लेकीला त्यांनी लेन्स शिकवल्या त्या नात्यागोत्यांसारख्या. पंचवीस मिलिमीटरची म्हणजे आत्या, सगळ्यांना घरात घेते, कोण पुढे कोण मागे, बघत नाही. पस्तीस आणि पन्नास समजूतदार वहिन्या. पंच्याऐंशीची सासू. एका वेळी एकाकडेच बघते आणि चूक विसरत नाही.

"सांगते हं तुमच्या आईला," आतून बायकोचा आवाज आला.

"सांग. तिला ऐकू कुठे येतंय."

पोरगी मोठी होऊन फोकस पुलर झाली. नटाच्या डोळ्यांचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर आधीच टेपने मोजून ठेवलेलं असतं. नट हलला की त्या आकड्यावर हाताने रिंग फिरवत राहायची, एवढंच काम. पण आकडाच खोटा असेल तर हात बरोबर आणि चित्र चूक. तिचा हात बापाच्या आकड्यावर उभा होता.

एके दिवशी काकांनी टेबलावरचा चहाचा कप उचलला आणि त्याच्या बुडाला चिकटलेलं काहीतरी टिण्ण करून पडलं.

पितळी चकती होती. कागदाएवढी जाड, बांगडीसारखी पोकळ. लेन्सच्या बैठकीखाली अशा चकत्या घालून आकडा जुळवतात. ही पंच्याऐंशीची होती. सिनेमाच्या शूटिंगवरून ती लेन्स काल धूळ काढायला आली होती आणि आज सकाळी परत गेली होती. लेकीकडे. चकती नसेल तर सहा फुटांवर फोकस दोन बोटं मागे पडतो. डोळे पुसट, कान स्वच्छ.

काल रात्री जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, उद्या म्हातारबुवांचा क्लोजअप. एकच टेक देतात ते. दुसऱ्यांदा केलं की नाटक होतं म्हणतात. मी चुकले तर पुढच्या सोमवारपासून माझ्या जागी दुसरा कुणीतरी."

मुख्य फोकस पुलर म्हणून हा तिचा पहिलाच सिनेमा होता. काका म्हणाले होते, "माझ्या आकड्यावर हात ठेव आणि झोप जा."

त्यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. सेटवर फोन बंदच असतात, हे माहीत असूनही आणखी एकदा लावला. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी कुणाला तरी आत पाठवलं असतं. पण मालकांनी मागच्याच महिन्यात पंचवीसची लेन्स परस्पर दुसऱ्या कारागिराकडून करून आणली होती. "तुमच्यावर लोड नको म्हणून हो," असं म्हणाले होते.

"काका, चेहरा का उतरलाय?" मालकांनी आताही विचारलं.

"काही नाही. पित्त." बोलताना काकांची पाठ दाराला टेकली.

चकती काडेपेटीत घालून ते बसमध्ये चढले. बस सिग्नलला थांबली की ते काडेपेटी उघडून चकती आहे ना बघत. समोरच्या सीटवरच्या बाईचा कान त्यांना फार स्वच्छ दिसत होता. ही चूक आजचीच का? गेल्या काही दिवसांत चिमट्यातून स्क्रू दोनदा निसटला होता. त्यांनी चिमटा बदलला होता. तक्त्यावरच्या रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या, तेव्हा बल्ब बदलला होता. बल्बला शिव्याही घातल्या होत्या.

स्टुडिओच्या दारावर लाल दिवा पेटलेला होता.

"आजोबा, टेक चालू आहे," दारवान कुजबुजला.

"काका म्हण. अर्जंट आहे रे."

"आत गेलात तर टेक गेला आणि माझी नोकरी गेली. मग दोघं मिळून अर्जंट बसू."

दार उघडलं तर ती बुडणार. नाही उघडलं तरी बुडणार. आतून म्हाताऱ्या नटाचा आवाज झिरपत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच तो थांबे, तेव्हा काका काडेपेटी घट्ट धरत. तेवढ्या शांततेत तिचा हात रिंगवर असणार, सहावर, आणि सहा खोटं.

दिवा विझला. कुणीतरी ओरडलं, "ओके! पुढचा शॉट!"

काका आत शिरले. मॉनिटरभोवती जमलेले लोक टेक परत चालवून बघत होते. म्हाताऱ्याचा चेहरा. डोळे. खालच्या पापणीवर अडकलेलं पाणी, पापणीचा केस न् केस. कान पुसट. काकांनी जवळची खुर्ची धरली.

"बाबा? तुम्ही? आईला काही...?"

"नाही गं. इकडून चाललो होतो."

"इकडून? इकडून पुढे फक्त गोडाऊन आहे, बाबा."

ते हसले. मग त्यांना कॅमेऱ्यावरची पंच्याऐंशी दिसली. रिंगभोवती पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर लेकीच्या अक्षरात नवे आकडे. खाली कोरलेल्या सहापासून तिचा सहा थोडा सरकलेला होता.

"लेन्स सकाळी आली की मी मोजून घेते," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना, कुणावर विश्वास ठेवू नकोस म्हणून."

"बरोबर. बरोबर आहे."

शेजारच्या ढकलगाडीवर लेन्सची पेटी उघडी होती. पन्नासला पट्टी. पस्तीसला पट्टी. या दोन्ही पट्ट्या जुन्या होत्या, कडा हाताच्या मळाने काळ्या पडलेल्या. दोन्ही लेन्स शूटिंग सुरू व्हायच्या आधी काकांनीच उघडून जोडल्या होत्या. दुसऱ्या कारागिराने केलेली पंचवीसची मात्र तशीच होती, बिनपट्टीची, तिचे कोरलेले आकडे दिव्यात चमकत होते.

लेकीने त्यांची नजर कुठे गेली ते पाहिलं.

"सगळ्यांनाच लावते मी, बाबा," ती घाईने म्हणाली. "सवय झालीय."

तिचा चेहरा किंचित मागे गेला. दोन बोटं.

काकांनी खिशातून काडेपेटी काढली आणि पेटीतल्या पंच्याऐंशीच्या रिकाम्या खळग्यात ठेवली. वरचं झाकण हलकेच लावलं.

"चहा तरी घ्या ना. बाबा?"

जमिनीवर नटाच्या पायांसाठी चिकटवलेल्या खुणा होत्या. त्यांच्यावर पाय पडू न देता, एकेक ओलांडत, ते दाराबाहेर गेले.