हातानं सांगितलेली सुट्टी

ऐंशी सालानंतरची गोष्ट. धानोऱ्याच्या बालवाडीत पहिल्या दिवशी मुलं सुट्टीतल्या गमती सांगत. माझा लेक बोलत नसे; म्हणून मी वर्गात त्याच्याजवळ बसून त्याच्या वाटचंही बोलायची, हौसेनं. पण त्या वर्षी शिक्षिका म्हणाल्या, "बाई, तुम्ही गप बसा. आज समदे हातानंच दाखवतीन."

एकीनं मोहफुलं वेचून दाखवली. माझ्या लेकानं शेजारच्या पोराला दंड धरून कोपऱ्यात बसवलं, ओठांवर बोट ठेवलं, मग दाराकडे वळून हसत हात जोडले.

"लपाछपी खेळून राह्यला," पोरं म्हणाली.

"हो, लपाछपीच," मी घाईनं म्हणाले.

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. घरी पाहुणे आले की मी त्याला असंच आतल्या खोलीत बसवायची. शिक्षिका माझ्याकडे पाहत राहिल्या. मी हातानंच लेकाला जवळ बोलावलं.