ऑर्लीनच्या गाडीचा कप्पा

ऑर्लीन टॉलिव्हरला आमच्या चर्चच्या दाराशी येणाऱ्यांना जागा दाखवत उभं असलेलं पाहिलं नाही, असा माणूस मेम्फिसच्या या भागात सापडायचा नाही. पांढरा झगा, पांढरे हातमोजे, आणि उशिरा येणाऱ्याला नुसत्या नजरेनं मागच्या बाकावर बसवायची हातोटी. आता ती आत येत नाही. रविवारची उपासना संपेपर्यंत बाहेर पार्किंगमध्ये फिरते आणि त्याच हातमोज्यांनी एकेका गाडीचं दार ओढून बघते. नवीन लोक हसतात. त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते मला, पण मी चर्चच्या स्वयंपाकघरात उपासनेनंतरच्या जेवणाचे मासे तळत असते आणि हात पिठाचे असतात.

तिची ब्यूक गाडी जुनीपुराणी. तरी चोरांनी काचा इतक्यांदा फोडल्या की शेवटी बाई वैतागली आणि दारं उघडीच ठेवायला लागली. डॅशबोर्डमधला कप्पाही सताड उघडा, झाकण लोंबतंय.

"बघा मेल्यांनो, यात काही नाही. काच तेवढी सोडा," म्हणायची.

आमच्याकडे निम्मे लोक हेच करतात. मीही करते. काच बसवणाऱ्याचं पोट आपण किती दिवस भरायचं? आणि खरंच, त्यानंतर तिच्या गाडीला कुणी हात लावला नाही.

तिचा मुलगा कोर्टेझ एका गोदामावर पहारेकरी आहे. वेगळा राहतो, सरळ पोरगा. उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्याची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून तो आईबरोबर चर्चला आला. इथूनच कामावर जायचं होतं. आमच्या दारावर पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारलेली पाटी आहे. कमरेला पिस्तूल लावणारा प्रत्येक जण ते गाडीत काढून ठेवतो आणि मगच आत येतो. ऑर्लीन नेहमीसारखी घाईत पुढे निघून गेली. कोर्टेझनं पिस्तूल कप्प्यात टाकलं, झाकण दाबून लावलं आणि मागोमाग आला. त्याला वाटलं, आईनं दारं लावली असतील. तिला वाटलं, गाडीत आहेच काय चोरण्यासारखं. आता यात कुणाला शिव्या घालायच्या, तुम्हीच सांगा.

उपासना झाल्यावर दोघं माशांच्या थाळ्या घेऊन गाडीपाशी गेले. कप्प्याचं झाकण लोंबत होतं. ऑर्लीनला त्यात काही वावगं दिसलं नाही. कोर्टेझ मात्र जागच्या जागी थांबला.

"मॉमा, हे तू उघडलंस?"

"ते उघडंच असतं रे."

"आणि दार?"

"दारही. का?"

पोलिसांत तक्रार केली, पिस्तुलाचा नंबर दिला. पोलीस म्हणाले, बघू. त्या दिवसापासून बातम्यांत कुठं गोळी झाडल्याचं आलं की ऑर्लीनचा मला फोन.

"नादीन, कसलं पिस्तूल होतं गं? सांगितलं का?"

"मला काय माहीत, बाई! मी काय पोलीस आहे?" मी खेकसायची.

"कुणाला लागायच्या आत सापडू दे गं. एवढंच."

उपासनेतही ती हेच मागायची, मोठ्यानं. पिस्तुलासाठी प्रार्थना करणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

ते सापडलं, पण उशिरा. थंडी पडायच्या सुमारास आमच्या चर्चमधल्या लाट्रीसचा पोरगा डेव्हॉन पेट्रोल पंपावर गेला. तिथं त्याच्याच वयाच्या एका पोराशी फालतू गोष्टीवरून बाचाबाची झाली, आणि त्या पोरानं डेव्हॉनला गोळी घातली. डेव्हॉन माझ्या स्वयंपाकघरात डोकावून माशाची कुरकुरीत शेपटी मागायचा. पोलिसांनी नंबर ताडून पाहिला. कोर्टेझचंच पिस्तूल.

डेव्हॉनच्या अंत्यविधीला ऑर्लीन इस्त्रीचे हातमोजे घालून आली.

"आज नको गं. घरी जा," मी म्हटलं.

"मग लोकांना जागा कोण दाखवणार?"

ती पायऱ्यांवर उभी राहिली. गाड्या येत होत्या. डेव्हॉनचा फोटो छापलेले टी-शर्ट घातलेली माणसं उतरायच्या आधी वाकत होती, कमरेचं पिस्तूल काढून कप्प्यात ठेवत होती. झाकणं लागत होती, खट, खट. ऑर्लीननं ते थोडा वेळ ऐकलं आणि पायऱ्या उतरून खाली गेली. आत गाणी झाली, रडारड झाली. ती बाहेर दारं ओढून बघत होती. एकदा तरी रड गं बाई, असं वाटत होतं मला. मी थाळी नेऊन दिली, तर ती थाळी हातात धरून तशीच उभी राहिली. मासे गार झाले.

लाट्रीस तिच्याशी बोलायची बंद झाली. तिला तरी काय म्हणणार?

गेल्या रविवारी लाट्रीस उशिरा आली. मी वारा घ्यायला स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले होते. ती गाडीतून उतरली आणि थेट ऑर्लीनपाशी गेली.

"मिस ऑर्लीन."

"हं, बोल गं."

लाट्रीसनं गाडीची किल्ली पुढे केली. "ही तुमच्याजवळ ठेवा. माझ्याही कप्प्यात एक आहे. डेव्हॉन गेल्यावर घेतलं."

"कशाला गं?"

"घरी एकटी असते मी, मिस ऑर्लीन."

ऑर्लीननं किल्ली घेतली आणि हातमोज्याच्या आत, तळहाताशी सरकवली. मग तिनं लाट्रीसच्या गाडीचं दार ओढून पाहिलं. लागलेलं होतं. तिनं पुन्हा ओढून पाहिलं. लाट्रीस पायऱ्या चढून आत गेली, आणि ऑर्लीन त्या गाडीपाशीच उभी राहिली.