कच्च्या हेरिंगचे पाच आठवडे

रूनाच्या हातचं खाऊन हॅल्सव्हिक गावात कधी कुणाचं पोट दुखलं नव्हतं. चर्चच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. बारसं असो की मयत, दोनशे माणसांचं साल्मनचं सूप ती एकटी रांधायची, आणि मागे राहिलेलं पातेलं पाहून पाद्रीबाबांना म्हणायची, बघा, तळ दिसतोय. देवाने आपल्याला हे एकच काम दिलंय, खायला घालायचं, असं ती मनापासून मानत असे.

म्हणूनच धाकट्या बहिणीने, अल्फहिल्डने, हृदयाच्या ऑपरेशनला जाताना आपला बोका पेल्ले तिच्या हवाली केला, तेव्हा बरोबरची पिशवी रूनाने जरा नाक मुरडूनच घेतली. पिशवीत मांजरांच्या तयार खाण्याचे पत्र्याचे डबे, तसल्याच कोरड्या दाण्यांचं पुडकं आणि एक चिठ्ठी होती. सकाळी अर्धा डबा, संध्याकाळी मूठभर दाणे, बाकी काही नाही. रूनाने एक डबा उघडून हुंगला आणि परत झाकला. कुठल्या प्राण्याचं काय कोंबलंय, देव जाणे. दाणे तर भुशाच्या गोळ्यांसारखे. आईच्या घरी चार-चार मांजरं मासळीवर पोसली होती, त्यांना कुठला डबा होता? वसंत होता, धक्क्यावर रोज हेरिंगची जाळी भरून येत होती. कोळी तिला पसाभर मासळी वर्तमानपत्रात गुंडाळून देत. पेल्ले ती कच्चीच डोक्याकडून खायचा, घशातून घुर्र घुर्र आवाज काढत. डबे कपाटात गेले.

अल्फहिल्ड इस्पितळातून रोज चार वाजता फोन करी. आधी बोक्याचं, मग स्वतःचं. डबा खातो ना, असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा रूनाच्या तोंडून "खातो, खातो" निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ते आपसूक निघालं. तिसऱ्या दिवसापासून ते खोटं आहे हेही तिला टोचेनासं झालं.

पाचव्या आठवड्यात पेल्लेने मासळी हुंगून सोडली. उन्हाने भूक मेली असेल, असं रूनाने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही बशी तशीच. गुरुवारी सकाळी ती चूल पेटवायला आली तर बोका जमिनीच्या मधोमध उभा होता, मान पार खाली, हनुवटी छातीला टेकलेली, प्रार्थनेला उभा राहावा तसा. तिने हाक मारली. त्याने वर बघायचा प्रयत्न केला आणि कुशीवर कलंडला. उठला, दोन पावलं झिंगत गेला आणि खुर्चीच्या पायावर आपटला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तरी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अंधारातल्यासारख्या मोठ्या झाल्या होत्या.

रूनाने हनुवटीखाली हात घालून मान उचलली. हात काढला की मान पडे. आणि भीतीने माणूस सवयीचंच करतं, तेच तिने केलं. एक ताजी हेरिंग चिरून त्याच्या तोंडाशी धरली.

मांजरासाठी प्रार्थना करावी का, हे तिला आजवर कळलं नव्हतं. लहानसहान गोष्टींसाठी प्रभूला हाका मारणाऱ्या बायकांना ती हसायची. आता ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते. कारण पहिला शब्द कबुलीचाच निघाला असता.

कुंपणापलीकडे टॉर्स्टन राहायचा. त्याची तीस वर्षं मिंकच्या पिंजऱ्यांमध्ये गेली होती, कातड्यासाठी पाळायच्या त्या केसाळ जनावरांना चारा घालण्यात. त्याच्या हातांना वास येतो, असं रूना एकदा चर्चच्या कॉफीच्या वेळी मोठ्याने बोलली होती. तेव्हापासून तो कॉफीला आला नव्हता. आज तिने त्याचंच दार ठोठावलं.

तो आला, गुडघ्यावर बसला, बोक्याकडे नुसता बघत राहिला.

"काय घालतेस त्याला?"

"हेरिंग. धक्क्यावरची, ताजी."

"शिजवून?"

"मांजराला कोण शिजवून घालतं?"

"आणि बाकी काय?"

रूनाची नजर डब्यांच्या कपाटाकडे गेली.

"अगं बाई, विचारतोय ते सांग. बाकी काय?"

"काही नाही. पाच आठवडे नुसती हेरिंग."

टॉर्स्टनने टोपी काढून हातात धरली. एका वसंतात मालकाने मिंकना रोज कच्ची हेरिंगच घातली होती, तो म्हणाला. महिन्याभरात पिंजऱ्यापिंजऱ्यात माना अशाच खाली. सकाळी त्या रांगांमधून जायला नको वाटायचं.

"मग?" रूनाने विचारलं.

"मग मेले. गाडी काढतो."

"आईची मांजरं तर..."

"तुझ्या आईची मांजरं उंदीर खायची, पक्षी खायची, गोठ्यातलं दूध चोरायची. याला तू दाराबाहेर तरी सोडलंस का?"

नाही सोडलं. हरवला तर अल्फहिल्डला काय सांगू, म्हणून.

जनावरांचा दवाखाना चाळीस किलोमीटरवर. अर्ध्या वाटेत रूनाच्या मांडीवर पेल्लेचं अंग ताठ झालं, पाय झाडू लागले, तोंडातून फेस आला. तिने त्याला शालीत आवळून धरलं. टॉर्स्टन काही न बोलता गाडी पळवत होता. झटका थांबला तेव्हा श्वास चालू आहे की नाही हे बघायचा धीर तिला होईना. टॉर्स्टननेच हात मागे करून बघितलं. "आहे," म्हणाला.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने सुई टोचली आणि शांतपणे सांगितलं की कच्च्या हेरिंगमध्ये असं काही असतं जे अंगातलं एक जीवनसत्त्व खाऊन टाकतं. शिजवली की ते मरतं. डब्यातल्या आणि दाण्यांतल्या खाण्यात ते जीवनसत्त्व वरून घातलेलं असतं. कच्चं घालायचंच तर नीट शिकून, विचारून घालायचं. वाचेल का, यावर तिने, रात्री इथेच राहू दे, उद्या सकाळी सांगते म्हटलं. ती एका शब्दाने रागावली नाही. रागावली असती तर रूनाला बरं वाटलं असतं.

चार वाजता फोन वाजला. अल्फहिल्डला धक्का बसेल असं काही सांगू नका, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलेलं. खोटं बोलायला इतकं भलं कारण रूनाला जन्मात मिळालं नव्हतं. पण बोका रात्रीत गेला तर? उद्या काय सांगायचं, डबा खातो?

"डबा खातो ना?"

"नाही," रूना म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाही." आणि सगळं सांगितलं.

पलीकडे लांब कुठेतरी ढकलगाडीची चाकं वाजली. रूना बहिणीचा श्वास ऐकू येतोय का ते ऐकत राहिली. सकाळी गाडीत बोक्याचा ऐकायचा धीर तिला झाला नव्हता.

"चिठ्ठी वाचली होतीस?" अखेर अल्फहिल्ड म्हणाली.

"वाचली होती."

"म्हणजे वाचून केलंस." आणि फोन ठेवला.

सकाळी दवाखान्यातून निरोप आला की मान उचललीय, अडखळतोय, पण उभा राहतोय. आठवडाभर सुया टोचाव्या लागतील. टॉर्स्टनने त्याला घरी आणून सोडलं. रूनाने कॉफी विचारली तर म्हणाला, हात धुऊन येतो, आणि आला.

रूनाने डबा उघडला. वास तसाच होता. अर्धा डबा बशीत काढून ती जमिनीवरच बसली. पेल्लेने हुंगलं, मान जरा तिरकी केली, आणि मग तो खाऊ लागला. चार वाजायची वाट न बघता तिने इस्पितळात फोन लावला.

"अर्धा डबा खातोय," ती म्हणाली.

"खरंच?"

आता रोज हेच विचारणार, रूनाच्या ध्यानात आलं. होय म्हणून भागणार नव्हतं. तिने फोन बशीजवळ नेला आणि बोक्याच्या चाटण्याचा आवाज थांबेपर्यंत तिथेच धरून ठेवला.